इंजिन बाबांसाठी ठेवा

नमस्कार ताई,

मी मूळचा सांगलीचा. गेली १४ वर्षं इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीजवळ राहतो. शेजारच्या आजींनी त्यांचे यजमान गेल्यावर त्यांची १९७१ सालची एमजीबी रोडस्टर ही बिनछताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार मला जवळजवळ भंगाराच्या भावात दिली. १९९६ पासून गाडी गॅरेजमधून हललेली नाही. लांबून देखणी दिसते, पण ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं की खालची जमीन दिसते. इंजिन फिरतं की जाम झालंय, ठाऊक नाही.

माझ्या बाबांचं सांगलीत गॅरेज होतं. अँबॅसडर, फियाट आणि जीप यांत त्यांचं आयुष्य गेलं. आता ते ७४ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे गॅरेज बंद केलं. पुढच्या जूनमध्ये आई-बाबा इकडे येणार आहेत. तोवर गाडी नव्यासारखी करायची आणि तीच घेऊन त्यांना आणायला विमानतळावर जायचं, असं मनात आहे. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

नाताळच्या सुट्टीत आधी इंजिन सुरू करून बघायचं आणि मग सगळी गाडी खोलायची, असा बेत आहे. वेल्डिंग येत नाही, पण पाना धरता येतो. मूळ रंग पिवळा आहे, मला लाल करायचा आहे. बायको म्हणते, एवढ्या पैशात तयार गाडी मिळेल. भाऊ म्हणतो, भंगार घरात आणलंस. सुरुवात कुठून करू? जूनपर्यंत होईल का? खर्च किती येईल?

– एक वाचक, कॉव्हेंट्री

उत्तर

जूनपर्यंत होणार नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुमचा अख्खा बेत त्या एका तारखेला टांगलेला आहे. पाव शतकाहून जास्त काळ उभी राहिलेली, तळ गंजलेली गाडी आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणारा, वेल्डिंग अजून शिकायचा असलेला माणूस, हा हिशेब दोन-तीन वर्षांचा आहे. तारखेच्या मागे लागलात तर जे झाकता येतं ते झाकलं जाईल, आणि या गाडीत झाकलेली गोष्ट जिवावर बेतते. शिवाय ही दोन आसनांची गाडी. बाबांना शेजारी बसवाल, मग आई कशा येणार?

पण जूनचा उपयोग आहे, आणि फार चांगला आहे. तिकडे येतेच. आधी पत्र्याचं बोलू.

इंजिन सुरू करून बघायची ओढ मला पूर्ण कळते. बंद गाडी धडधडली की घरातल्यांचाही विश्वास बसतो. पण त्यातून तुम्हाला कामाचं काहीच कळणार नाही. तुमच्या गाडीतलं १७९८ सीसीचं, पाच मेन बेअरिंगचं इंजिन दणकट आहे. बिघडलं तरी दुरुस्त होतं, अगदीच गेलं तर दुसरं मिळतं. एमजीबी मरते ती गंजाने. आधी इंजिनावर पैसे ओतले, मग खालचा पत्रा बघून हात गळाले आणि गाडी तशीच पडून राहिली, असं मी इकडे पुष्कळ घरांत पाहिलं आहे. दुसरं असं, की इतकी वर्षं कोरड्या राहिलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा भिंतींना धरलेल्या असू शकतात. बॅटरी जोडून स्टार्टर मारलात तर रिंगा तुटतील, बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे उठतील. टाकीत जे पेट्रोल उरलं असेल त्याची एव्हाना चिकट राळ झाली असेल, ती कार्ब्युरेटरपर्यंत खेचण्यात फक्त नुकसान आहे.

म्हणून आत्ता एवढंच करा. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं पातळ ऑइल सोडा, भोकं स्वच्छ फडक्याने झाका. अधूनमधून पुन्हा थोडं सोडत राहा. हाताने फिरवून बघायचा मोहसुद्धा आवरा. ते काम मी दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलं आहे.

आता गाडीचा खरा प्रश्न. आधीच्या एमजीए या मॉडेलला खाली वेगळी पोलादी चासी होती आणि वर बॉडी. १९६२ मध्ये एमजीबी आली तेव्हा ती चासी गेली. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून बॉडीलाच चासी केलं. बंद गाडीत अशा वेळी छतही भार उचलतं. रोडस्टरला छतच नाही. त्यामुळे पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंतचा बराचसा ताण दोन्ही दारांखालच्या लांबट पेट्यांवर येतो. या पेट्या म्हणजे सिल. तुम्हाला बाहेरून दिसतो तो एक पत्रा. त्याच्या आत उभा दुसरा, त्याच्या आत तिसरा, आणि खालच्या कडेला कॅसल रेल नावाची खाचेदार पट्टी. पावसाचं पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेलं मीठ या पेट्यांत शिरून बसतं. गंज आतून सुरू होतो आणि बाहेर सगळ्यात शेवटी दिसतो. वरच्या रंगाला बोटाएवढा फुगवटा आला की आतले पत्रे गेलेलेच असतात. तुमचा तर तळ दिसतो आहे. तळाचा पत्रा ज्या कडेला जोडलेला असतो ती कडही गेली, असं धरूनच चला.

खात्री करून घ्यायची तर दार लावा आणि त्याच्या मागच्या कडेची फट नीट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध खचली आहे. मग लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळून तो सिलवरून, मडगार्डांच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. नंतर जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून टोचा. जॅक लावायच्या जागा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पुढची टोकं जिथे बसतात त्या जागा, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या, पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत माती साठते तो कोपरा, एवढं तरी टोचाच. पत्रा पापडासारखा मोडला तर वाईट वाटून घेऊ नका. कुठे मोडतो हे आज कळणं तुमच्या फायद्याचं आहे. प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि वहीत नोंद करा.

आणखी एक बारीक गोष्ट. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता झाकणासारखा वेल्ड करून गाडी विकायची, हा प्रकार इथे वर्षानुवर्षं चालत आला आहे. खरा सिल पुढच्या मडगार्डच्या आत बराच पुढे जातो आणि मागे मागच्या मडगार्डच्या खालच्या भागाआड जातो. तो बदलायचा तर पुढचं मडगार्ड काढावंच लागतं, मागच्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. हे न करता बसवलेला नवाकोरा सिल दिसला तर समजा की आत जुना तसाच कुजतो आहे.

आणि म्हणूनच नाताळच्या सुट्टीत सगळी गाडी खोलू नका. तुमच्या बेतातली सगळ्यात धोक्याची गोष्ट ही आहे. सुटी करणं हे चार-पाच दिवसांचं, आनंदाचं काम आहे. जोडणं हे वर्षांचं काम आहे, आणि मधल्या काळात कुठला बोल्ट कुठला हे माणूस विसरतो. पण त्याहून मोठं कारण मापाचं आहे. सिल कापल्यावर बॉडी नेमकी कुठे असायला हवी हे सांगणारे तुमच्याकडे दारं, पुढची मडगार्डं आणि बॉनेट एवढेच साक्षीदार आहेत. तीच काढून रंगाला पाठवलीत तर तुम्ही वाकलेली गाडी वाकलेलीच पक्की करून बसाल, आणि नव्या रंगाची दारं लागेनाशी होतील.

काम होतं ते असं. आधी प्रत्येक दाराच्या चौकटीत, दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचे आधार पक्के करा. ते आतल्या बाजूने अशा बेताने बसवा की दार लावून फट तपासता येईल. गाडी खचलेली असेल तर आधार पक्के करण्याआधी तळाला मधोमध हळूहळू उचलून फट सरळ करून घ्यावी लागते, त्यावेळी जाणता माणूस शेजारी हवा. गाडीचा भार चाकांवर किंवा पुढचा क्रॉसमेंबर आणि मागचा अॅक्सल यांखालच्या स्टँडवर ठेवा, म्हणजे ती रस्त्यावर उभी असते तशीच उभी राहील. मग एकच बाजू कापा. ती पूर्ण होऊन थंड होईपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. नवे पत्रे आधी स्क्रू आणि क्लॅम्पने नुसते धरून ठेवा, दार टांगा, मडगार्ड लावा, फटी बघा, पुन्हा काढा, पुन्हा लावा. वेल्डिंगची ठिणगी सगळ्यात शेवटी. वेल्ड झाल्यावर सांध्यांना सीलर आणि पेटीच्या आत मेण फवारायला विसरू नका. कारखान्यातून निघताना गंजाविरुद्ध एवढी काळजी घेतलेली नव्हती, म्हणून तर ही वेळ आली.

पत्रे मिळतात, ही या गाडीची मोठी कृपा आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या, त्यामुळे सुट्या भागांची बाजारपेठ आजही जिवंत आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर नव्या बॉड्या काढते, सुटे पत्रेही काढते. (त्याच बॉडीच्या आधाराने रोव्हरने १९९२ मध्ये एमजी आरव्ही८ आणली आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. जुने साचे जपून ठेवले की काय होऊ शकतं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.) अख्खी नवी बॉडी पाच आकडी पौंडांत जाते. दाराचे खांब, पाट्यांच्या जागा, आतली मडगार्डं असं सगळंच एकदम गेलं असेल तरच तिचा विचार करा. तळ आणि सिल गेले, एवढ्यावर मूळ बॉडी टाकून देऊ नका.

वेल्डिंग शिका. मी स्वतः संध्याकाळच्या वर्गात शिकवते, म्हणून खात्रीने सांगते की नियमित येणारा माणूस एका हिवाळ्यात मिग वेल्डिंगचे बरे टाके घालायला लागतो. भंगारातला तेवढ्याच जाडीचा पत्रा आणून सराव करा. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वरच्याला भोक पाडून ते वेल्डने भरायचं, मग छिन्नीने उचकटून बघायचं. वेल्ड सुटला तर अजून सराव हवा. वेल्ड टिकून शेजारचा पत्रा फाटला तर तुम्ही तयार आहात. एवढं करूनही सिलचं काम जाणकाराकडून करून घ्यावंसं वाटलं तर त्यात कमीपणा नाही. मात्र गाडी देण्याआधी त्याने अर्धवट केलेली दुसरी गाडी बघायला मागा. रंग चढलेली गाडी दाखवणारे खूप भेटतात, आतला सांधा दाखवायला तयार असतो त्याच्याकडे जा.

आता जरा दटावून बोलते. पेट्रोलची टाकी डिकीच्या खाली लटकलेली असते. वेल्डरची पिन लावण्याआधी ती उतरवून घराबाहेर, लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड हवेतच, आणि तेही न गंजलेल्या जागेखाली. जुने ब्रेक शू, क्लच प्लेट आणि गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस असतो असंच समजून वागा. ती धूळ हवेच्या दाबाने उडवायची नाही, तोंडाने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करायचं. चांगला मास्क लावा. वेल्डिंग चालू असताना आग विझवायचं साधन हाताशी आणि दुसरं माणूस घरात हवं. काम थांबल्यावरही तासभर गॅरेजमध्ये थांबा, कारण तळाला फासलेलं डांबरी अंडरसील आत धुमसत राहतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणीचं व्ही५सी पुस्तक तुमच्या नावावर करून घ्या, गाडी रस्त्यावर नाही अशी सॉर्नची नोंद करा. चाळीस वर्षांवरची गाडी असल्याने पुढे ऐतिहासिक वर्गात तिचा रोड टॅक्स माफ होतो, आणि मूळ रचना बदललेली नसेल तर २०१८ पासून एमओटी या वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. तरीही पहिल्यांदा रस्त्यावर काढताना एमओटी करून घ्याच. परक्या डोळ्यांनी एकदा खालून बघायला हवं.

आता जून.

तुमच्या बाबांना आजच फोन करा आणि सगळं सांगा. गाडीचे फोटो पाठवा, विशेषतः इंजिनाचे. कारण तुमच्या पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहून गेलात आणि तिच्याकडे तुमचं लक्ष गेलं नाही. बाबांचं आयुष्य अँबॅसडरवर गेलं. अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची भारतातली आवृत्ती, आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं तिच्यात बसलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सिरीजचं. तुमच्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, मोठ्या बोअरचं भावंड. तुम्ही बॉनेट उघडून दाखवलंत तर बाबांना ओळख करून द्यावी लागणार नाही. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या बाजूला, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. टॅपेट सेट करायची नऊची बेरीज त्यांना विचारून बघा. ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा १ नंबरचा टॅपेट लावायचा, ६ उघडा असेल तेव्हा ३ नंबरचा. मला खात्री आहे, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर येईल.

सांगलीत ज्या माणसाने आयुष्यभर हे इंजिन हाताळलं, त्याला तयार गाडीत बाजूच्या सीटवर बसवून फिरवणं ही छान भेट आहे. पण त्याच्या हातात पाना देणं ही कितीतरी मोठी भेट आहे. गॅरेज बंद झाल्यावर अशा माणसांना मुलं जपतात, विश्रांती घ्या म्हणतात, आणि कुणी काही विचारेनासं होतं. तुम्हाला तर खरोखर विचारायची गरज आहे. तुमच्या गाडीला जाणता मिस्त्री हवा आहे आणि तो जूनमध्ये तुमच्याच घरी राहायला येतो आहे.

म्हणून माझं वेळापत्रक असं. हिवाळ्यात तपासणी, वेल्डिंगचा वर्ग, दारांच्या चौकटीतले आधार. आधार इंजिन काढण्याआधीच बसले पाहिजेत, कारण एवढं वजन उतरलं की सैल झालेली बॉडी आपला आकार बदलते. जमलं तर वसंतात एका बाजूचा सिल. मे महिन्यात इंजिन उचलायची क्रेन भाड्याने आणा आणि रेडिएटर काढून इंजिन-गिअरबॉक्स एकत्र वर उचला. या गाडीत साधा क्लच बदलायलाही इंजिन काढावंच लागतं, म्हणून ते बाहेर आलं की क्लच आणि रिलीज बेअरिंग बदलायचंच, हे ठरवून टाका. मग इंजिन स्टँडवर लावा. ते खोलू नका. स्टँड कमरेच्या उंचीवर येतो, इंजिन हवं तसं उलटंपालटं फिरवता येतं, वाकावं लागत नाही, खाली बसावं लागत नाही. बाबांच्या गुडघ्यांची अडचण तिथे संपते. शेजारी एक उंच स्टूल आणि भरपूर उजेड, एवढं करा.

क्रँकच्या नटला पाना लावून पहिल्यांदा इंजिन फिरवायचं काम त्यांचं. फिरलं नाही तर पुढे काय करायचं तेही त्यांना माहीत असेल. हेड उघडणं, व्हॉल्व्ह बघणं, बोअर मोजणं, रिंगा बदलायच्या की बोअर वाढवायचा हा निर्णय, सगळं त्यांच्यावर सोपवा. एक गोष्ट मात्र त्यांना तुम्ही सांगा. इंग्लंडमध्ये शिशाचं पेट्रोल १९९९ अखेर बंद झालं. तुमच्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा शिशाच्या पेट्रोलवर बेतलेल्या आहेत, म्हणून हेड मशीन शॉपला जाईल तेव्हा तिथे कठीण धातूच्या सीटा बसवून घ्यायच्या. आणि फोनवर एवढं जरूर विचारा की त्यांचे जुने इंची पाने अजून आहेत का. अर्धा इंच, सात-सोळांश, नऊ-सोळांश. तुमच्या गाडीला मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत, बोल्टची डोकी गोल होतात. असतील तर विमानात चेक-इनच्या बॅगेत आणायला सांगा. नवे इथे सहज मिळतात हे मला माहीत आहे. तरी तेच मागवा.

दोन-तीन आठवड्यांत सगळं होणार नाही. मशीन शॉपचं काम वेळ घेतं. जुळणी ते परत गेल्यावर व्हिडिओ कॉलवर करा, किंवा पुढच्या भेटीसाठी ठेवा. वायरिंगचंही त्यांना विचारत राहा. ल्युकसच्या रंगांत तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशन चालू असताना फ्यूजमधून जाणारी, काळी अर्थची. एवढं पाठ झालं की निम्मी भीती जाते, आणि उरलेले बरेचसे बिघाड गंजलेल्या अर्थमध्येच सापडतात.

बाकीचं भराभर सांगते, कारण ते सरळ आहे. ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. सगळे होज, सिलिंडर आणि पाइप नवे, पाइप तांबे-निकेलचे घ्या म्हणजे पुन्हा गंजणार नाहीत. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस न मिळाल्याने त्या झिजलेल्या असतील, ढिलाई तपासा. टायर कितीही नक्षीदार दिसले तरी फेकून द्या. पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या. २०२१ पासून इथल्या साध्या पंपावर दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, तुम्ही सुपर भरा. ऑइल जुन्या गाड्यांसाठी मिळतं ते २०डब्ल्यू-५०.

पैशांच्या बाबतीत तुमच्या पत्नीचं बरोबर आहे आणि तुम्ही ते त्यांच्यासमोर मान्य करावं. चांगल्या अवस्थेतली क्रोम बंपरची रोडस्टर आज साधारण दहा ते पंधरा हजार पौंडांच्या आसपास मिळते. तुमची गाडी स्वतःच्या हातांनी करूनही, रंग बाहेरून घेतलात तर, खर्च त्याच घरात जाईल. सगळं काम कारखान्याला दिलंत तर त्याच्या दुपटीच्या पुढे जाणं अवघड नाही. हा गुंतवणुकीचा व्यवहार नाही. घरात बसून दरमहा एक रक्कम ठरवा, आणि त्या महिन्यात तेवढीच खर्च करा. रक्कम संपली की तो महिना घासण्या-पुसण्याचा. उधारीवर एकही भाग आणू नका. गॅरेजमध्ये कुठले दिवस जातील हेही दोघांनी मिळून ठरवा. अशी कामं पैशांपेक्षा जास्त वेळा घरातल्या कुरकुरीने थांबतात, आणि ती कुरकुर बहुतेक वेळा रास्त असते.

भावाला काही उत्तर देऊ नका. जूनमध्ये बाबांचा इंजिनासोबतचा फोटो पाठवा.

राहिला रंग. १९७१ च्या पिवळ्या एमजीबी बहुधा ब्रॉन्झ यलो असतात. नक्की काय ते कळायला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. तुमच्या घरापासून ते साधारण अर्ध्या तासावर आहे. कारखान्याच्या मूळ नोंदींवरून गाडी कधी तयार झाली, कुठल्या रंगाची होती, इंजिन क्रमांक काय होता, हे ते लिहून देतात. गाडी तुमची आहे, लाल करायचा हक्क तुमचा आहे. पण रंग बदलायचा म्हणजे इंजिनाची खोली, डिकीचा आतला भाग, दारांच्या कडा, डॅशबोर्डची मागची बाजू हे सगळं बदलावं लागतं. ते अर्धवट राहिलं तर प्रत्येक वेळी दार उघडताना खालचा पिवळा दिसेल. शिवाय लाल एमजीबी इथे पुष्कळ दिसतात. माझं मत विचाराल तर पिवळाच ठेवा, तो त्या काळाचा रंग आहे आणि त्या आजींनाही ती गाडी त्याच रंगात आठवत असणार. निर्णयाला अजून दीडेक वर्ष आहे. तोवर डिकीत, कार्पेटखाली, उजेड न लागलेला मूळ रंगाचा हातभर तुकडा शोधून ठेवा. कितीही गंज घासलात तरी रंग जुळवून होईपर्यंत तेवढा तुकडा घासू नका.